‘आठवा लागला’ म्हणजे किती आठवडे? बेळगाव भागात आरोग्य संशोधन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव जिल्ह्यात गावपातळीवर आरोग्य संशोधन करणाऱ्या संस्थांचे प्रमुख संशोधक,
त्यांच्या एथिक्स कमिट्यांचे सदस्य
आणि जिल्हा आरोग्य कार्यालय

स. न. वि. वि.

हे पत्र सीमाप्रश्नाबद्दल नाही. तो दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथेच राहू द्या. आमचं म्हणणं दोन कागदांबद्दल आहे. एक, बाईला अभ्यासात घेताना तिच्यापुढे ठेवतात ते चार पानी संमतिपत्र. दुसरा, त्यामागोमाग येणारी प्रश्नावली. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या तालुक्यांतल्या मराठी गावांत हे कागद धड मराठीत नसले की अभ्यासाचे आकडेच चुकतात. भाषेचा मान-अपमान बाजूला ठेवला तरी चुकलेला आकडा तुम्हालाही परवडणारा नाही, म्हणून लिहितो आहोत.

संशोधनाच्या नकाशावर बेळगाव लहान नाही. 2002 ते 2005 या काळात जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या (पीएचसी) हद्दीत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 बायकांवर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव टाळणाऱ्या औषधाची ट्रायल झाली. बाळ जन्मल्यावर 600 मायक्रोग्रॅम औषध तोंडाने किंवा त्याऐवजी तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, देणाऱ्या 25 एएनएम सिस्टर, म्हणजे आरोग्यसेविका. बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला, म्हणजे दर 18 बाळंतपणांमागे एकीचा टळला. निकाल 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध रक्तस्राव टाळण्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. पुढे पहिलटकरणींना रोज 81 मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात का, हे पाहणारी 11,976 बायकांची ट्रायल सहा देशांत झाली. तिची भारतातली दोन केंद्रं बेळगाव आणि नागपूर होती.

मिसोप्रोस्टॉलच्या ट्रायलमधली एक वस्तू आम्हाला फार आवडते. बाळंतिणीच्या खाली अंथरायची, खालच्या टोकाला खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी. तोवर ‘लुगडं भिजलं’, ‘लई गेलं’ यावरच रक्ताचा अंदाज चालायचा. पिशवी आली आणि मिलिलिटर मोजता आले. रक्ताला लागलेली ही शिस्त शब्दांना लागायची अजून बाकी आहे.

आधी वाचता काय येतं ते बघू. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 47 लाख 79 हजार होती. मातृभाषा मराठी सांगणारे त्यात 18 टक्क्यांच्या वर, खानापूर तालुक्यात तर निम्म्याहून जास्त. कणकुंबी-जांबोटीकडची किंवा उचगाव-बेळगुंदीची बाई बाजारापुरतं कन्नड बोलते म्हणून तिला कन्नड वाचता येतं असं नाही. तिची सातवी मराठी शाळेत झालेली असते. चंदगड, गडहिंग्लजहून लग्न होऊन आलेल्या मुलीला तर बोलताही येत नाही. तिच्यापुढे कन्नड फॉर्म ठेवला की सर्व्हेवाली मुलगी ‘वाचता येत नाही’ या चौकटीत टिक करते, अंगठा घेते आणि साक्षीदार म्हणून शेजारणीची सही घेते. कागदावर सगळं नियमाप्रमाणे. पण सातवी पास बाई तुमच्या अभ्यासात निरक्षर म्हणून गेली, आणि शिक्षण व आजार यांचा संबंध काढणारा तक्ता तिथेच वाकडा झाला.

आता ज्या अभ्यासांत मराठी फॉर्म असतो त्यांचं. त्यातलं नेहमीचं वाक्य असं असतं: ‘सदर अभ्यासातील आपला सहभाग हा पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता आपली संमती मागे घेऊ शकता.’ व्याकरणात चूक नाही. पण हे वाचून दाखवलं की बाई मान हलवते आणि विचारते, ‘मग गोळ्या कधी मिळणार?’ तेच असं लिहा: ‘यात यायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. नाही म्हटलात तरी तुमची तपासणी, गोळ्या, बाळंतपण सगळं आत्ता होतं तसंच होईल. मधेच सोडलंत तरी चालेल. का सोडलं ते सांगायची गरज नाही.’ ही चार वाक्यं मोजून त्या एका वाक्यापेक्षा लांब आहेत, आणि पानं वाढतील म्हणून तुम्ही कुरकुर कराल, हे माहीत आहे. वाढू द्या. त्या बदल्यात ‘उक्त’, ‘सदर’ आणि ‘तत्सम’ काढून टाका, निम्मं पान तिथेच वाचतं.

‘सदर अभ्यासातील’सारखं वाक्य अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीतून पास कसं होतं, यात खरी गोम आहे. इंग्रजीतून मराठी, मग दुसऱ्या माणसाकडून मराठीतून परत इंग्रजी, आणि दोन्ही इंग्रजी जुळले की भाषांतर बरोबर: ही उलट-भाषांतराची पद्धत सगळीकडे चालते. पण ती शब्दाला शब्द ठेवणाऱ्यालाच बक्षीस देते. ‘यादृच्छिक’ (रँडम, म्हणजे कुणाला कोणती गोळी ते नशिबावर सोडणं) हा शब्द उलट भाषांतरात हमखास बरोबर येतो, कारण करणाऱ्याला मूळ इंग्रजी शब्द माहीत असतो. येळ्ळूरसारख्या गावात तो कुणालाही माहीत नसतो. आम्ही ‘चिठ्ठी टाकून’ लिहिलं की उलट भाषांतरात लॉटरी येते आणि कमिटी लाल शेरा मारते. उलट भाषांतराने राहून गेलेलं वाक्य किंवा उलटा झालेला नकार सापडतो, त्यासाठी ते ठेवा. समजलं का हे त्यातून कळत नाही. त्यासाठी फॉर्म घेऊन गावात बसावं लागतं. ज्या बायकांना अभ्यासात घ्यायचं आहे तशाच आठ-दहा जणी, एकेकीला वेगळं बसवून, सासू नि आशाताई दोघींना बाहेर ठेवून. वाचून झालं की विचारायचं: कोणती गोळी मिळणार ते कोण ठरवणार? नको म्हटलं तर काय होईल? रक्त कितीदा काढणार? तुमच्या शब्दांत सांगा. दहापैकी दोघींचं चुकलं तर वाक्य वाईट आहे, बाई नाही. बदलून पुन्हा नव्या दहा जणींकडे. चार पानांच्या फॉर्मला अशा तीन फेऱ्या आणि साधारण तीन आठवडे लागतात.

या फेऱ्यांतून टिकून राहिलेले काही शब्द देतो. ‘छद्म औषध’ नको. ‘खोटं औषध’ तर अजिबात नको, त्याने फसवणूक झाल्यासारखं वाटतं. ‘औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी’ हे समजतं. चिठ्ठीबद्दल सांगताना एक वाक्य जोडा: ‘डॉक्टरलाही ठाऊक नसतं.’ नाहीतर ओळखीच्या बाईला चांगली गोळी मिळाली अशी बोलवा होते. ‘5 मिलि रक्त’ च्या पुढे ‘म्हणजे चहाचा एक चमचा’ हवंच, आणि एकूण कितीदा तेही. रक्त नेऊन विकतात ही भीती अजून गेलेली नाही. आणि ‘संशोधन’ या शब्दावर थांबू नका. आशाताई बरोबर असली की बाईला ती सरकारची योजनाच वाटते. ‘ही योजना नाही, यात पैसे किंवा कार्ड मिळत नाही’ हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

प्रश्नावलीकडे येतो, कारण नुकसान तिथे जास्त होतं आणि दिसत नाही.

‘कितवा महिना?’ हा प्रश्न घ्या. उत्तर येतं, ‘आठवा लागला.’ सर्व्हेवालीच्या टॅबमध्ये आकड्याची चौकट असते, त्यात 8 जातो. आठ महिने म्हणजे जवळपास 35 आठवडे. पण आठवा लागला म्हणजे सात भरले, म्हणजे 30 आठवडे नि काही दिवस. ती पाळी चुकल्यापासून मोजत असली तर त्यात आणखी चार मिळवायचे, की झाले 34 च्या वर. एका उत्तराचे तीन अर्थ. आणि याने फरक काय पडतो? अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं 12-12 तासांनी देतात. आपल्याकडच्या सरकारी सूचनेत ती 24 ते 34 आठवड्यांच्या मध्ये द्यायची आहेत. टॅबमधल्या 8 वर विसंबलं तर जिला इंजेक्शन मिळायला हवं ती बाहेर जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचं प्रमाण मोजणाऱ्या अभ्यासात तर 37 आठवड्यांची रेघ (त्याआधी झालं ते अपुऱ्या दिवसांचं) हेच सगळं असतं. ॲस्पिरिनच्या ट्रायलमधला फरकच 13.1 आणि 11.6 टक्के एवढा होता. इतका बारीक फरक महिन्याच्या घोळात सहज बुडून जाईल.

पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर महिना विचारूच नका, शेवटची पाळी आली तो दिवस विचारा, आणि तारीख आठवत नसेल तर सणावरून काढा. बेळगावात मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे एकच कॅलेंडर दोघींना चालतं. सर्व्हेवालीच्या हातात एक पान द्या: नागपंचमी, गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळीचा पाडवा, सौंदत्तीच्या यल्लम्माची मार्गशीर्षातली पौर्णिमा, संक्रांत, होळी, आणि त्या-त्या गावची जत्रा, प्रत्येकापुढे त्या वर्षाची इंग्रजी तारीख. विचारायचं, ‘होळीच्या आधी की नंतर? किती दिवसांनी?’ पान दरवर्षी नवं करावं लागतं आणि अधिक महिन्याच्या वर्षी तर डोळ्यांत तेल घालून. 2023 मध्ये अधिक श्रावण 18 जुलै ते 16 ऑगस्ट होता, नागपंचमी थेट 21 ऑगस्टला आली. आदल्या वर्षीचं पान वापरलं असतं तर नागपंचमी ते दिवाळीपर्यंतचं प्रत्येक उत्तर वीसएक दिवसांनी सरकलं असतं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून आहे.

‘आठ दिवस’ म्हणजे आठवडा, ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे. ‘गेल्या 14 दिवसांत’ असं विचारलं की बाई बोटांवर मोजत बसते. ‘अंगावरून जातं का?’ या प्रश्नाला कुणी पांढऱ्याचं उत्तर देतं, कुणी रक्ताचं. दोन वेगळे प्रश्न करा, ‘पांढरं’ आणि ‘रक्त’ हे शब्द वापरून, आणि विचारणारी बाईच असू द्या. ‘बीपी आहे का?’ ला ‘हो, कमी असतं’ हेही हो म्हणूनच नोंदलं जातं.

निपाणी भागात तंबाखूचा प्रश्न सपशेल पडतो. ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ नाही. ‘ओढता का?’ नाही. दोन्ही खरं. भाजून कुटलेली मिसरी सकाळ-संध्याकाळ दाताला लावणं हे तिच्या लेखी दात घासणं आहे. नाव घेऊन विचारायला हवं: मिसरी लावता का, दिवसातून कितीदा, किती वेळ तोंडात राहते, तपकीर लावता का. तसंच ‘काम काय करता?’ ला ‘घरीच असते’ हे उत्तर येतं, आणि समोर सुपात तेंदूपत्ता नि तंबाखू असतो. बिड्या वळणं हे घरात बसून होतं, म्हणून ते काम नाही. बाळाचं वजन कमी का भरलं, याचा शोध घेणारा अभ्यास आईच्या अंगात जाणारा तंबाखू असा दोन्ही दारांनी सोडून देतो आणि शेवटी सगळा दोष रक्त कमी असण्यावर येतो.

‘मराठी फॉर्म नागपूरला तयार आहे, तोच आणू’ असं कुणी सुचवलं तर कृपया नाही म्हणा. वऱ्हाडी शब्द इथे अडतात, इथले कन्नड वळणाचे शब्द तिकडे अडतील. पुण्याचा फॉर्मही तसाच परका.

सीमेचा त्रास भाषेपुरता नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी जाते, आणि माहेर पुष्कळदा राज्याच्या हद्दीपलीकडे असतं. गरोदर बाईच्या नोंदींचं तायी कार्ड कन्नडमध्ये, ते तिकडच्या सिस्टरला वाचता येत नाही. तिकडची नोंद इकडे येत नाही. तुमच्या वहीत ती ‘पाठपुरावा झाला नाही’ म्हणून जाते. अशा गळालेल्या बायका इतरांसारख्याच असतील असं धरून तुम्ही हिशेब करता, पण त्या पहिलटकरणी असतात, आणि गरोदरपणात बीपी वाढून झटके येण्याचा धोका त्यांनाच जास्त. उपाय साधा आहे. नाव नोंदवताना त्याच दिवशी माहेरचं गाव, तिथलं पीएचसी आणि भावाचा किंवा वडिलांचा फोन घ्या; नवऱ्याचा फोन बाळंतपणाच्या दिवशी उपयोगाचा नसतो. कोल्हापूर आणि सिंधुदुर्गच्या आरोग्य खात्याकडून नोंदी बघायची परवानगी अभ्यास सुरू व्हायच्या आधी काढा. बाळंतपणानंतरची 28 व्या आणि 42 व्या दिवसाची भेट फोनवर चालेल, पण वजनाचा काटा फोनवर चालत नाही.

काजूच्या हंगामाचंही हेच. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून माणसं गोव्याच्या नि दोडामार्गच्या बागांत जातात, आणि माकडताप गोव्यातल्या सत्तरीत 2015 पासून, दोडामार्गात 2016 पासून आहे. गोचीड चावल्यावर ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस. तेवढ्यात माणूस घरी परतलेला असतो. ‘ताप यायच्या आधी आठ दिवस कुठे होता?’ एवढा एक प्रश्न नसला तर आजार चुकीच्या गावाच्या नावावर चढतो.

आता टॅबबद्दल. इंग्रजी फॉर्म सुधारून आवृत्ती 2 होते, कन्नड मागोमाग येते, मराठी 1 वरच राहते. नवा प्रश्न आला आणि मराठीचा रकाना रिकामा राहिला तर पडद्यावर प्रश्नाच्या जागी नुसती आडवी रेघ दिसते. मग सर्व्हेवाली इंग्रजीकडे बघून जागच्या जागी मराठी करते. बारा मुली असतील तर बारा प्रश्न. दर आवृत्तीला तिन्ही भाषांवर एकच क्रमांक आणि तारीख असावी, आणि एक जरी मागे असेल तरी टॅबवर काही चढवू नये. छापील फॉर्म जुन्या फाँटमध्ये टाइप करून पीडीएफ करू नका, ‘दुसऱ्या’ आणि ‘गर्भ’ मधला अर्धा र भलतीकडे जाऊन बसतो. कन्नड काढा असं आम्ही म्हणत नाही. डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी, ओळीला ओळ समोरासमोर छापा. सिस्टर डावीकडचं वाचेल, बाई उजवीकडचं, आणि दोघी एकाच वाक्यावर बोट ठेवतील. शहरातल्या ज्या वस्त्यांत उर्दू चालते तिथे उर्दूचंही तसंच करा.

एथिक्स कमिटीच्या सदस्यांना वेगळं सांगायचं आहे. 2019 चे नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम तुम्हाला पाठ आहेत: किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, त्यात एक सर्वसामान्य माणूस, संमती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत, वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदार. तो सर्वसामान्य माणूस मराठी शाळेत शिकलेला, इंग्रजी न येणारा असावा. मराठी फॉर्म त्याच्या हाती द्या, इंग्रजी देऊ नका, आणि त्याला समजलं नाही ते वाक्य परत पाठवा. (राजकारणातला माणूस नको. तो फॉर्म वाचणार नाही, भाषण करील.) शेजारीण हीच आशाताईची जाऊ असेल तर ती निष्पक्ष साक्षीदार होत नाही, हेही एकदा तपासा.

आणि फॉर्मवर छापलेल्या नंबरला रात्री नऊ वाजता स्वतः फोन लावून बघा. मराठीत बोला: ‘गोळी घेतल्यापासून घेरी येतेय, काय करू?’ गंभीर त्रास झाला तर संशोधकाने 24 तासांत कळवायचं असतं, पण त्यालाच कळलं नाही तर तो काय कळवणार? फोन उचललाच नाही, किंवा उचलून ‘कन्नडा बरुत्तदा?’ (कन्नड येतं का?) असं विचारलं गेलं, तर बाई फोन ठेवते आणि गावातल्या डॉक्टरकडे जाते. त्या डॉक्टरला ट्रायल माहीत नसते.

राहता राहिला निकाल. अभ्यास संपला, गाडी गेली, पुढे काय निघालं हे गावात कुणाला कळत नाही. अर्धं पान पुरतं: किती बायका होत्या, काय दिलं, काय फरक पडला, आता दवाखान्यात काय मिळतं. पीएचसीच्या भिंतीवर आणि ग्रामसभेत, कन्नड नि मराठीत. ते लिहायला मात्र छापून आलेल्या लेखाइतकाच वेळ द्यावा लागतो. सुरुवात त्या 1620 बाळंतपणांपासून करता येईल. तेव्हा जन्मलेल्या मुली आता विशीच्या पुढे गेल्या आहेत, त्यांतल्या काही आता स्वतः पहिलटकरणी असतील.

तुमच्या पुढच्या अभ्यासाचा मराठी फॉर्म कमिटीकडे जाण्याआधी आमच्याकडे दिलात तर वर सांगितलेल्या तीन फेऱ्या आम्ही करून देऊ. फक्त इंग्रजी अंतिम झाल्यावर द्या, आदल्या रात्री नको.

कळावे,

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागात आरोग्य सर्वेक्षणांचं भाषांतर आणि गावपातळीवरचं काम करणारे आम्ही काही जण